दोन पदव्यांच्या मधली जागा

बारावीचे निकाल लागले की ओळखीच्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या पालकांचे फोन मला येऊ लागतात. भौतिकशास्त्रातील एम.एस्सी. आणि इलेक्ट्रॉनिक्स व इन्स्ट्रुमेंटेशनमधील बी.ई. या दोन्ही पदव्या मी एकाच पाच वर्षांच्या अभ्यासक्रमातून घेतल्या असल्यामुळे, आपल्या मुलाने किंवा मुलीने तो मार्ग धरावा की नाही हे ठरवण्यापूर्वी माझ्याशी बोलावे असे त्यांना वाटते. विचारणा बहुधा एकच असते. चारऐवजी पाच वर्षे घालवायची, एका वर्षाची फी जास्त भरायची, एका वर्षाचा पगार सोडायचा, तर त्या एम.एस्सी.चा नोकरीत उपयोग काय? हा हिशेब मला मुळीच हलका वाटत नाही. शिक्षणासाठी कर्ज काढावे लागणाऱ्या घरात एक वर्ष ही फार मोठी गोष्ट असते, आणि असा हिशेब मांडणाऱ्या आईवडिलांना उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. मात्र या विचारणेत एक गोष्ट न बोलता धरून चाललेली असते, ती अशी की बी.ई. ही खरी पदवी आहे आणि एम.एस्सी. ही तिच्यासाठी मोजावी लागणारी किंमत आहे. माझा अनुभव याच्या नेमका उलट नाही, पण फार वेगळा आहे, आणि फोनवरच्या दहा मिनिटांत तो सांगता येत नाही म्हणून येथे लिहीत आहे.

आधी या व्यवस्थेबद्दल थोडे सांगायला हवे, कारण महाराष्ट्रात तिची नीट माहिती कमी जणांना असते. पिलानीची बिर्ला तंत्रज्ञान व विज्ञान संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले बिट्स, १९६४ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. तिच्या घडणीच्या काळात फोर्ड फाउंडेशनचे अर्थसाहाय्य आणि अमेरिकेतील एमआयटीचे मार्गदर्शन तिला मिळाले होते. सत्र पद्धती, अंतर्गत मूल्यमापन आणि कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला सुरुवातीचा बराचसा समान अभ्यासक्रम ही वैशिष्ट्ये तिथे फार लवकर रुजली. गोव्यात वास्को आणि दाभोळी विमानतळाजवळच्या जुवारीनगरला तिचा परिसर २००४ मध्ये सुरू झाला, आणि माझे शिक्षण तिथेच झाले. प्रवेशपरीक्षेतल्या गुणांवर काही विद्यार्थ्यांना थेट अभियांत्रिकीची शाखा मिळते, तर काहींना गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा अर्थशास्त्र यांपैकी एका विषयातील एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. दुसऱ्या गटातल्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षाच्या अखेरीस, त्या वर्षातील सीजी, म्हणजे सरासरी श्रेणीगुण, पाहून, अभियांत्रिकीची शाखा दिली जाते. पुढची वर्षे ते दोन्ही शिकतात आणि पाचव्या वर्षाअखेर दोन्ही पदव्या घेऊन बाहेर पडतात. विद्यार्थ्यांच्या भाषेत अशा मुलांना ड्युअलाइट म्हणतात.

पहिले वर्ष सर्वांना जवळजवळ सारखेच असते, म्हणूनच हे शक्य होते. भावी संगणक अभियंता जीवशास्त्र शिकतो, अर्थशास्त्राची मुलगी वर्कशॉपमध्ये कानस चालवते, आणि उष्मागतिकी, प्रोग्रॅमिंग, विद्युतशास्त्र या विषयांना सगळेच एका मोठ्या सभागृहात बसतात. पहिल्या वर्षाच्या शेवटापर्यंत कोण कुठल्या पदवीचा हे वर्गात बसल्यावर ओळखूही येत नाही. या समान पायाचे मोल मला त्या वेळी कळले नव्हते. आता वाटते की दोन पदव्यांच्या योजनेतला सर्वांत विचारपूर्वक रचलेला भाग तोच होता.

आमचे घर मिरजेचे. आई शाळेत विज्ञान शिकवायची, वडील सहकारी बँकेत होते. मला भौतिकशास्त्राची एम.एस्सी. मिळाली तेव्हा घरात जी चर्चा झाली ती कोणत्याही मराठी घरात झाली असती अशीच होती. मामा म्हणाले, "फिजिक्स घेऊन काय करणार आहेस? पहिल्या वर्षी मार्क काढ आणि चांगली ब्रँच पकड, बाकीचं नंतर बघता येईल." मामांचे प्रेम त्या वाक्यात पुरेपूर होते, आणि त्यांच्या पिढीने पाहिलेल्या जगाचा विचार केला तर सल्ला चुकीचाही नव्हता. आई एवढेच म्हणाली, "दोन्ही मिळतंय तर दोन्ही नीट शीक." पहिल्या वर्षी मी मामांचे ऐकले, कारण सीजीवर शाखा ठरत होती आणि दुसरे काही सुचण्याइतकी उसंतच नव्हती.

दुसरे वर्ष आमच्यासाठी जवळजवळ पूर्णपणे भौतिकशास्त्राचे होते: अभिजात यामिकी, विद्युतचुंबकत्व, प्रकाशशास्त्र, पुंज यामिकी (क्वांटम मेकॅनिक्स), गणिती पद्धती. याच वर्षी ड्युअलाइटांमध्ये दोन तट पडतात. एका तटाला हे वर्ष म्हणजे खऱ्या शिक्षणाआधीची प्रतीक्षा वाटते. शाखा हाती आलेली असते, तिचे विषय मात्र अजून सुरू झालेले नसतात, आणि चार वर्षांच्या अभ्यासक्रमातले मित्र सर्किटांबद्दल बोलत असतात. दुसऱ्या तटाला याच वर्षात विषयाचा लळा लागतो. मला तो लागला, आणि त्याचे श्रेय मी विद्युतचुंबकत्वाच्या एका प्राध्यापकांना देते. फळ्यावर समीकरण लिहून झाले की ते थांबत आणि विचारत की हे खोटे असते तर जगात काय वेगळे दिसले असते. परीक्षेत त्याचे गुण नव्हते. तरीही त्या सवयीने माझी विचार करण्याची रीत बदलली.

तिसऱ्या वर्षी दोन्ही पदव्या एकाच वेळापत्रकात येतात आणि खरी कसोटी सुरू होते. अभियांत्रिकीचे मूलभूत विषय आम्ही एक वर्षाने लहान मुलांबरोबर शिकायचो. सकाळी सांख्यिकीय यामिकी (असंख्य कणांच्या सामूहिक वर्तनाचे शास्त्र), मग सिग्नल्स अँड सिस्टिम्स, दुपारी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा, संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या ट्युटोरियलची तयारी, असे दिवस जात. त्या सत्रांमधल्या थकव्याबद्दल मी पालकांशी स्पष्ट बोलते, कारण प्रवेशाच्या वेळी तो कोणालाच दिसत नाही. मात्र माझ्या शिक्षणातली सर्वांत मोठी गोष्टही मला याच वर्षी मिळाली.

मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत आम्ही एका संवेदकाच्या अत्यंत क्षीण संकेतासाठी ॲम्प्लिफायर बांधत होतो. संवेदक काढून त्याच्या जागी नुसता रेझिस्टर जोडला तरी ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे विद्युत संकेत रेषेच्या रूपात दाखवणाऱ्या उपकरणाच्या, पडद्यावरची रेषा सरळ होत नव्हती. तिच्यावर बारीक, अनियमित थरथर कायम होती. वायर आखूड केल्या, अर्थिंग तपासले, सगळे धातूच्या डबीत बंद केले, तरी काही थरथर उरलीच. प्रयोगशाळेत मिळालेले उत्तर अभियंत्याला पुरेसे होते: हा औष्णिक नॉइज, म्हणजे उष्णतेमुळे आपोआप उठणारी विद्युत थरथर आहे, तो जाणार नाही, त्याचे सूत्र वापरून तो किती हे काढा आणि आपला संकेत त्याच्या वर राहील असे परिपथ आखा. आम्ही ते केले. सामान्य तापमानाला एक किलोओमचा रेझिस्टर दहा किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे ०.४ मायक्रोव्होल्ट इतका नॉइज देतो. आकडा जमला आणि प्रयोग वहीत उतरला.

त्याच सुमारास सांख्यिकीय यामिकीच्या वर्गात ऊर्जेच्या समविभाजनाचा सिद्धान्त चालला होता. एखाद्या तापमानाला समतोल असलेल्या प्रणालीत हालचालीच्या प्रत्येक स्वतंत्र प्रकाराला ऊर्जेचा ठरलेला वाटा मिळतो, आणि तो वाटा फक्त तापमान व तापमानाला ऊर्जेशी जोडणारा बोल्ट्झमन स्थिरांक यांवर अवलंबून असतो. वायूचे रेणू, स्फटिकातले अणू, पाण्यात तरंगणारे परागकणांतले सूक्ष्म कण अशी उदाहरणे झाली. मग प्राध्यापकांनी एक जुना युक्तिवाद फळ्यावर मांडला. सारख्या तापमानाचे दोन रेझिस्टर ऊर्जा न गमावणाऱ्या एका लांब तारजोडीच्या दोन टोकांना जोडा. तारजोडीत निरनिराळ्या कंप्रतांच्या, म्हणजे वारंवारतांच्या, स्थिर लहरी राहू शकतात, आणि समविभाजनाच्या नियमाने प्रत्येकीला तिचा वाटा मिळालाच पाहिजे. ती ऊर्जा पुरवणारे कोणी असेल तर ते दोन रेझिस्टरच आहेत. म्हणून प्रत्येक रेझिस्टरने, त्याच्यातून बाहेरून प्रवाह सोडलेला नसतानाही, तापमानाच्या प्रमाणात विद्युत कंप निर्माण केलेच पाहिजेत. गणित पूर्ण झाले तेव्हा फळ्यावर उरलेले सूत्र माझ्या प्रयोगाच्या वहीतलेच होते.

त्या तासाला मला काय वाटले हे सांगणे कठीण आहे. ऑसिलोस्कोपवर जी थरथर मी अडचण म्हणून मोजली होती तीच येथे उष्णतेच्या स्वरूपाचा पुरावा म्हणून उभी होती. हा प्रयोग आणि हा युक्तिवाद दोन्ही १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि दोन्हींचे कर्ते अमेरिकेतील बेल दूरध्वनी समूहात काम करणारे, स्वीडनमध्ये जन्मलेले गृहस्थ होते. जॉन जॉन्सन यांनी निरनिराळ्या पदार्थांच्या वाहकांवर मोजमापे घेऊन दाखवले की हा नॉइज पदार्थ कोणता यावर अवलंबून नसून फक्त रोध आणि तापमान यांवर अवलंबून असतो. त्यावरून त्यांनी बोल्ट्झमन स्थिरांकाचे मूल्यही काढले. हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचे कारण वरच्या युक्तिवादाने दिले. नायक्विस्ट यांनी आधी विद्युत अभियांत्रिकीच्या पदव्या घेतल्या होत्या आणि मग येल विद्यापीठातून भौतिकशास्त्रात पीएच.डी. केली होती, हे मला पुष्कळ नंतर कळले आणि अजिबात आश्चर्य वाटले नाही. दूरध्वनीच्या तारांतील खरखरीचा प्रश्न घेऊन उष्मागतिकीच्या दारात जायचे धाडस दोन्ही घरांत वावरलेल्या माणसालाच सुचू शकते.

या गोष्टीला अलीकडचे एक टोकही आहे. २० मे २०१९ पासून केल्व्हिन या एककाची व्याख्या बोल्ट्झमन स्थिरांकाचे मूल्य कायमचे निश्चित करून केली जाते; ते मूल्य १.३८०६४९ गुणिले दहाचा उणे २३ वा घात ज्यूल प्रति केल्व्हिन असे आहे. ते ठरवण्याआधी जगभर जी अतिकाटेकोर मोजमापे झाली त्यांत रेझिस्टरच्या या नॉइजवर आधारलेली तापमापनाची पद्धतही होती. प्रत्येक ॲम्प्लिफायर बनवणाऱ्याला नकोशी असलेली थरथर तापमानाच्या मूळ एककाच्या कामी आली. हे मला दोन वेगळ्या इमारतींमधल्या दोन वेगळ्या वर्गांमध्ये बसल्यामुळेच समजले. कोणत्याही एका वर्गाने ते सांगितले नव्हते, आणि सांगण्याची त्या वर्गाची जबाबदारीही नव्हती. दुहेरी अभ्यासक्रम तुम्हाला दोन्ही दालनांचे प्रवेशपत्र देतो. एका दालनातला प्रश्न उचलून दुसऱ्यात नेण्याचे काम विद्यार्थ्याचे असते, आणि त्या कामाचे श्रेयांक कुठेच नोंदवले जात नाहीत.

त्यानंतर मी हे काम जाणूनबुजून करू लागले. फूरिये रूपांतर, म्हणजे एखादा संकेत त्याच्या घटक लहरींत मांडण्याची गणिती रीत, तर दोन्ही बाजूंनी आलेच. पुंज यामिकीत ते कणाच्या स्थानापासून संवेगाकडे नेते, सिग्नल्समध्ये ते काळापासून कंप्रतेकडे नेते; लिहिण्याचे संकेत दोन्हीकडे वेगळे, म्हणून एकाच आठवड्यात दोन परीक्षा आल्या की हात अडखळायचा. पण मला खरा आनंद मिळाला तो मिरजेतल्या एका गोष्टीमुळे.

मिरजेचे सतार आणि तंबोरा बनवणारे कारागीर प्रसिद्ध आहेत. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. लहानपणी त्यांच्या दुकानांवरून शाळेत जाताना मी जवारी काढण्याचे काम पाहिले होते. तंबोऱ्याची घोडी, म्हणजे जिच्यावरून तारा जातात ती पट्टी, वरून सपाट दिसते, पण प्रत्यक्षात तिला अगदी मंद उतार असतो. कारागीर ती कानशीने घासत, तार छेडून ऐकत, पुन्हा घासत, आणि मग तारेखाली सुताचा दोरा सरकवून तो नेमक्या जागी आणत. त्या जागी आला की तारेचा आवाज एकदम उमलून येतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात याच घोडीचा विचार केला आहे. तार जिथे छेडली जाते त्या बिंदूवर ज्यांचा निस्पंद, म्हणजे न हलणारा बिंदू, येतो ते वरचे स्वर त्या तारेतून उमटू नयेत, असा एक जुना नियम आहे. तंबोऱ्यात ते उमटतात, आणि स्पष्ट ऐकू येतात. कारण तार घोडीच्या उतारावर दर आंदोलनाला टेकते आणि सुटते, त्यामुळे तिची कंप पावणारी लांबी क्षणोक्षणी बदलते आणि खालच्या स्वरांतली ऊर्जा वरच्या स्वरांत जात राहते.

चौथ्या वर्षी मी यावरच एक प्रकल्प केला. दोरा घालून आणि दोरा काढून, एकाच तारेचा आवाज नोंदवायचा आणि त्याच्यातील स्वरांचे प्रमाण काळानुसार कसे बदलते ते पाहायचे. प्रश्न भौतिकशास्त्राचा होता, पण उत्तर मिळवण्याचा प्रत्येक टप्पा इन्स्ट्रुमेंटेशनचा होता. मायक्रोफोन सर्व कंप्रतांना सारखा प्रतिसाद देतो का, नमुने सेकंदाला किती घ्यायचे, नोंदीचा तुकडा किती लांब घेतला म्हणजे स्वरही वेगळे दिसतील आणि त्यांचा बदलही हरवणार नाही, वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिच्या पटीतल्या कंप्रता आलेखात आधीच येऊन बसलेल्या असतात त्या कशा वेगळ्या काढायच्या. केवळ भौतिकशास्त्र शिकले असते तर मी त्या आलेखातल्या प्रत्येक शिखरावर विश्वास ठेवला असता. केवळ अभियांत्रिकी शिकले असते तर आलेख स्वच्छ काढून तिथेच थांबले असते, कारण तार असे का वागते हा प्रश्नच माझ्या कामाच्या कक्षेत आला नसता. दोरा असलेल्या नोंदीत वरचे स्वर तार छेडल्यानंतर हळूहळू चढताना दिसले तेव्हा मी आईला फोन केला होता. मिरजेतल्या एका वयोवृद्ध कारागिरांनाही तो आलेख दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हे आम्हाला कानाला कळतं, तुम्ही ते डोळ्याला दाखवलंत." त्यांच्याकडून मिळालेली ही दाद मला पदवीपत्राइतकीच मोलाची वाटते.

अशी दुहेरी घडण झालेल्या मोठ्या माणसांची चरित्रे मी नंतर आवर्जून वाचली. पुंज यामिकीच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या पॉल डिरॅक यांनी ब्रिस्टल विद्यापीठातून १९२१ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. युद्धानंतरच्या मंदीत नोकरी मिळेना, तेव्हा त्याच विद्यापीठाने त्यांना फी न घेता गणित शिकू दिले, आणि तिथून ते केंब्रिजला गेले. अभियांत्रिकीने आपल्याला अंदाजी उत्तरांचा आदर करायला शिकवले, असे ते पुढे सांगत असत. जॉन बार्डीन यांच्या पहिल्या दोन्ही पदव्या विद्युत अभियांत्रिकीच्या होत्या, आणि भौतिकशास्त्राचे नोबेल दोन वेळा मिळालेले ते एकमेव. पण माझ्या सर्वांत जवळचे वाटतात ते रायनर वाइस. तरुणपणी न्यूयॉर्कमध्ये ते ध्वनिमुद्रिका वाजवण्याची उत्तम यंत्रणा तयार करत, आणि तबकड्यांची खरखर कशी घालवावी या ध्यासाने एमआयटीमध्ये विद्युत अभियांत्रिकीला गेले. तिथून ते भौतिकशास्त्राकडे वळले, शिक्षण मध्येच सुटले, एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करता करता पुन्हा शिकले. गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाश-काळात पसरणारे सूक्ष्म तरंग, लेसरच्या साह्याने पकडायच्या तर कोणकोणते नॉइज आडवे येतील आणि प्रत्येक किती असेल, याचा तपशीलवार हिशेब त्यांनी १९७२ मध्ये मांडला. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगो या अमेरिकेतल्या गुरुत्वलहरी वेधशाळेच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजांमध्ये प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या हिश्शाएवढा बदल नोंदला गेला, आणि २०१७ चे नोबेल त्यांना इतर दोघांबरोबर मिळाले.

त्या यंत्रातले आरसे ४० किलो वजनाचे असतात आणि ते काचेच्या, म्हणजे शुद्ध सिलिकाच्या, सुमारे ०.४ मिलिमीटर जाडीच्या तंतूंवर टांगलेले असतात. पोलादी तार का नाही, याचे उत्तर नायक्विस्ट यांच्या युक्तिवादाच्या विस्तारात सापडते. ज्या वस्तूत हालचालीची ऊर्जा घर्षणाने जास्त मुरते तिच्यात उष्णतेची थरथरही मापनाच्या पट्ट्यात जास्त येते, हा नियम १९५१ मध्ये कॅलन आणि वेल्टन यांनी सर्वसाधारण स्वरूपात सिद्ध केला. सिलिकात ऊर्जा फार कमी मुरते, म्हणून तंतू सिलिकाचा. तो ओढून तयार करणे, आरशाला जोडणे आणि तुटू न देणे हे सर्व अभियांत्रिकीचे काम आहे, तर तो का हवा हे भौतिकशास्त्राने सांगितले आहे. अशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. मराठवाड्यातल्या मुलांना आपल्या जिल्ह्यात या दोन विद्या एकत्र नांदताना दिसतील, या विचाराने मला फार आनंद होतो.

आता दुसरी बाजू. पाच वर्षांचा मार्ग सर्वांसाठी नाही, आणि हे मी कोणत्याही संकोचाशिवाय सांगते. चौथ्या वर्षाअखेर सोबत आलेले निम्मे मित्र पदवी घेऊन निघून जातात, त्यांचे पगार सुरू होतात, आणि वसतिगृहात मागे राहिलेल्यांना ते वर्ष लांब वाटते. दोन्ही विषयांचे सक्तीचे अभ्यासक्रम इतके असतात की एखादी भाषा, एखादे वाद्य, एखादा संगणकीय विषय केवळ आवड म्हणून घ्यायला फारच थोडी जागा उरते. ज्यांना संगणक क्षेत्रातच जायचे आहे आणि ज्यांचे मन त्यातच रमते, त्यांनी वेगळ्या विषयाची एम.एस्सी. केवळ प्रवेश मिळतो म्हणून स्वीकारू नये असे माझे ठाम मत आहे. नावडत्या विषयात चार-पाच सत्रे घालवून मिळालेल्या पदवीने माणूस समृद्ध होत नाही, दमतो. असे दमलेले सहाध्यायी मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यात बुद्धीची कमतरता अजिबात नव्हती.

याखेरीज दुहेरी पदवीचे दुसरे रूपही आता उपलब्ध आहे. एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन अभ्यासक्रम पूर्ण करण्यास मान्यता दिली. दोन्ही प्रत्यक्ष वर्गातले असतील तर त्यांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, किंवा त्यांपैकी एक ऑनलाइन अथवा दूरस्थ असू शकतो. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये सुरू केलेल्या विदा विज्ञानाच्या (डेटा सायन्सच्या) ऑनलाइन पदवीला अभियांत्रिकीचे अनेक विद्यार्थी आपल्या महाविद्यालयासोबत जातात. कमी खर्चात, घराजवळ राहून हे करता येते, ही मोठीच सोय आहे. मात्र दोन अभ्यासक्रम शेजारीशेजारी चालणे आणि ते एकाच संस्थेत, एकाच पायावर, एकाच वर्षात एकमेकांत गुंतणे यांत फरक आहे. सांख्यिकीय यामिकी आणि मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स माझ्याकडे एकाच सत्रात आले नसते तर ते सूत्र मी कदाचित दोन वेगळ्या वह्यांतच ठेवले असते. शेजारी चालणाऱ्या अभ्यासक्रमांत हे घडवून आणायचे असेल तर विद्यार्थ्याला त्यासाठी आणखी प्रयत्नपूर्वक जागा काढावी लागेल.

पाचव्या वर्षात आमचे एक सत्र प्रबंधाचे आणि एक सत्र प्रॅक्टिस स्कूलचे, म्हणजे उद्योगात किंवा संशोधन संस्थेत प्रत्यक्ष काम करण्याचे असे. या वर्षाबद्दल मी प्रत्येक ड्युअलाइटला आग्रहाने सांगते की प्रबंधाचा विषय दोन्ही विभागांच्या सीमेवरचा निवडावा आणि शक्य असल्यास दोन्ही विभागांतले मार्गदर्शक घ्यावेत. दोन मार्गदर्शकांचे एकमेकांशी पटत नाही तेव्हा विद्यार्थ्याला त्रास होतो हे खरे, पण ते जिथे असहमत होतात तिथेच विषयाचा गाभा असतो. माझ्या प्रबंधात एकाला मोजमापाची अचूकता पुरेशी वाटत होती आणि दुसऱ्याला स्पष्टीकरण अपुरे वाटत होते, आणि त्या दोघांच्या समाधानासाठी केलेल्या कामावरच मला पहिली नोकरी मिळाली. आज मी पुण्यात क्षीण संकेत मोजणारी उपकरणे बनवणाऱ्या एका छोट्या गटात काम करते. उपकरण अपेक्षेपेक्षा वाईट वागले की आमच्या टेबलावर दोन प्रकारचे प्रश्न येतात, कोणता भाग बिघडला आहे आणि निसर्गच याहून चांगले देणार नाही का. यांपैकी कोणता आधी विचारायचा हे ठरवण्यात आठवडे वाचतात. मला वाटते, त्या पाचव्या वर्षाचा हिशेब मांडायचाच असेल तर तो येथे मांडावा.

यंदा सांगलीहून एका मुलीच्या वडिलांचा फोन आला होता. तिला जीवशास्त्रातील एम.एस्सी.सह दुहेरी अभ्यासक्रम मिळत होता आणि पुण्यात एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी. मी त्यांना म्हटले, "दादा, मला तिच्याशी बोलू द्या." तिला मी विचारले की पहिल्या वर्षाच्या शेवटी मनासारखी शाखा मिळाली नाही, तरीही जीवशास्त्र पाच वर्षे शिकावेसे वाटेल का. तिने दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी तिने स्वतः फोन करून सांगितले, "नाही ताई, मला संगणकच हवाय, बायोलॉजी मी फक्त ब्रँचसाठी घेणार होते." मी तिच्या वडिलांना पुण्यातला प्रवेश पक्का करायला सांगितले.